कोरा कागद आणि पर्सनल ट्रेनर

जिम लावली की दुसऱ्याच दिवशी प्रश्न येतो. ‘पीटी घेतलं का?’

पीटी म्हणजे शाळेतली कवायत नव्हे. पीटी म्हणजे पर्सनल ट्रेनिंग. जिमची फी वेगळी, शिकवणाऱ्याची वेगळी. हे मुंबई-पुण्याचं खूळ म्हणायचे दिवस सरले. आपल्या मुक्ताईनगरातही जेवताना हा विषय निघतो. मुलगा म्हणतो, ट्रेनर लावल्याशिवाय बॉडी होत नाही. बाप म्हणतो, आमच्या वेळी कोणी लावला होता? त्याच बापाची शुगर मागच्या महिन्यात तीनशे निघालेली असते.

ट्रेनर लावायचा की एकट्यानेच करायचं? गल्लीत कुणालाही विचारा, आधी खिसा चाचपला जातो. पैसे असले तर ट्रेनर, नसले तर एकटं. प्रश्न गुडघ्याचा आणि कौल पाकिटाचा!

दुसऱ्या गावाने असं करावं. मुक्ताईनगरने करू नये.

कारण एकट्याने साधना करणाऱ्याची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याच तालुक्यातली आहे. तापी-पूर्णेचा संगम आहे तिथे चांगदेव नावाचं गाव आहे. पुरातत्त्व खात्याने जपलेलं जुनं दगडी मंदिर आहे. आपण तिथे पाहुण्यांना नेतो, फोटो काढतो, परत येतो. ज्यांच्या नावाचं ते मंदिर, त्यांचं काय झालं होतं, हे मात्र तिथेच सोडून येतो.

चांगदेव योगी होते. परंपरा सांगते, योगबळावर चौदाशे वर्षं जगले. शरीरावर एवढा ताबा की काळालाही परत पाठवला. यापेक्षा मोठी फिटनेस कुठली?

मग त्यांना ज्ञानदेवांना पत्र लिहावंसं वाटलं. समोरचा वयाने लहान, अधिकाराने मोठा. मायना काय लिहावा सुचेना. त्यांनी कोरा कागदच धाडला. कागद पाहून मुक्ताई जे बोलली त्याचा मथितार्थ इतकाच की, इतकी वर्षं तप करून हा माणूस कोराच राहिला. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं. तीच ‘चांगदेव पासष्टी’.

पुढे चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटीला निघाले आणि समोरून भावंडं बसलेली भिंत चालत आली, ही गोष्ट आपल्याला पाळण्यातच सांगितलेली असते. शेवट मात्र घाईत सांगतात. शेवट असा, की चांगदेवांनी मुक्ताईला गुरू केलं.

मुक्ताईचा जन्म १२७९चा आणि ती गेली १२९७ साली. म्हणजे गुरूने विशीसुद्धा पाहिली नव्हती. एका बाजूला चौदाशे वर्षांचा अनुभव, दुसऱ्या बाजूला कोवळी पोर. वाकला तो अनुभव!

गुरू आणि ट्रेनर एकाच तागडीत घालू नयेत, हे मलाही कळतं. गुरू आत्म्याचा, ट्रेनर दंडाचा. पण चूक दोन्हीकडे एकाच जातीची होते. एकट्याने केलेलं कष्टाचं काम वाया जात नाही. एकट्याने केलेली चूकही वाया जात नाही. ती मुरते.

बैठक मारताना पाठ गोल झाली तर मारणाऱ्याला कळत नाही. आरसा समोरचं दाखवतो आणि कंबर बाजूने मोडते. वर्षभर तशाच बैठका मारल्या की वाकडी पाठच सरळ वाटू लागते. त्या दिवसापासून शिकणं बंद.

म्हणून पहिला मुद्दा ट्रेनरच्या बाजूने. बघणारा डोळा लागतो.

अमेरिकेत यावर एक नेमका प्रयोग झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. वीस पुरुष, बारा आठवडे, वजनांचा सारखाच कार्यक्रम. एका गटासमोर शिकवणारा उभा, दुसरा गट आपला आपण. शेवटी ताकद मोजली. ज्यांच्यावर नजर होती, त्यांची जास्त वाढली. कारणही साधं. कोणी सोबत असलं की माणूस वजन वेळेवर वाढवतो. एकटा असला की कालचंच वजन आज उचलतो आणि समाधानाने घरी जातो.

पण त्याच प्रयोगातलं दुसरं वाक्यही वाचा. एकट्याने करणाऱ्यांचीही ताकद वाढली. हे वाक्य फीच्या पावतीवर छापत नाहीत.

आता दुसरी गोष्ट. तीही मुक्ताईचीच.

संत जमलेले. गोरोबाकाकांकडे कुंभाराचं थापटणं. मुक्ताईने विचारलं, हे कशासाठी? मडकं कच्चं की पक्कं ते बघायला, काका म्हणाले. मग आमचीही मडकी बघा की! काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे गप्प बसले. नामदेव मात्र चिडले. निकाल लागला. हे मडकं कच्चं.

नामदेव म्हणजे विठ्ठलाचे लाडके. वरून पाहणाऱ्याला पक्केच वाटले असते. म्हणून तर थापटणं लागतं.

तुमच्या ट्रेनरने पहिल्या दिवशी थापटून पाहिलं का? बीपी विचारलं? शुगर विचारली? कुठल्या गोळ्या चालू आहेत, कंबर कधी धरली होती का, बापाला हार्टचा त्रास होता का, रात्री किती झोपता, हे विचारलं? की आल्या आल्या हातात डंबेल दिलं आणि मोबाइलवर गाणं लावलं?

शुगरच्या गोळ्या घेणारा माणूस उपाशीपोटी धावला तर साखर खाली जाऊन चक्कर येऊ शकते. हे विचारायला मिनिट लागतं. न विचारलं तर रिक्षा बोलवावी लागते.

आणि गोष्ट इथे संपत नाही. कच्चं ठरलेल्या नामदेवांना गोरोबांनी आपल्याकडे ठेवून घेतलं नाही. नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. ज्याने तपासलं, त्यानेच शिकवलं पाहिजे असं नाही. तुमचा गुडघा पाहून ‘आधी हाडांच्या डॉक्टरकडे जा, मग फिजिओथेरपिस्टकडे, मग माझ्याकडे ये’ असं म्हणणारा ट्रेनर मिळाला तर त्याला सोडू नका. ‘सगळं होऊन जाईल भाऊ’ म्हणणाऱ्याला पहिल्या दिवशीच नमस्कार करा.

डॉक्टरला नोंदणी लागते. वकिलाला सनद लागते. फिजिओथेरपिस्टचीही महाराष्ट्रात परिषद आहे, तिथे नाव नोंदवावं लागतं. प्रवासी रिक्षा चालवायला लायसन्स आणि परमिट दोन्ही लागतं. माणसाच्या पाठीवर साठ किलो चढवायला? असा कुठलाही सक्तीचा परवाना नाही. छातीवर ‘ट्रेनर’ छापलेला टी-शर्ट घातला की झालं.

चांगले शिकलेले ट्रेनर आहेत. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेले आहेत, रीतसर कोर्स केलेले आहेत. त्यांच्यावर अन्याय होतो तो याच मोकाट कारभारामुळे. म्हणून प्रमाणपत्र मागा. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख आपण दोनदा वाचतो. शरीर काय उसनं आणलंय?

आणि डबा-सुईची भाषा सुरू झाली की उठा. मेफेन्टरमाइन नावाचं एक इंजेक्शन आहे. भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वर आणायला डॉक्टर ते वापरतात. जोर चढावा म्हणून व्यायाम करणारी पोरं ते टोचून घेतात आणि ते चोरून विकणाऱ्यांना महाराष्ट्रात पोलिसांनी पकडलंही आहे. ऑपरेशन टेबलावरचं औषध जिमच्या बॅगेत कसं येतं? येत नाही. कोणीतरी आणतं.

एकट्याने व्यायाम करणारा अशा वेळी वाचतो. त्याच्या कानात कुजबुजणारं कोणी नसतं.

खानदेशाला शिकवणारा माणूस नवा नाही. तालमीत वस्ताद होताच. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाले. मोबाइल समोर ठेवून गदा मिळत नाही. कुस्तीत आपली पाठ मातीला लावणारा कुणीतरी समोर लागतो आणि ती का लागली हे सांगणारा कडेला लागतो.

वस्ताद तासाचे पैसे घेत नसे. पोरगा तालमीत राहायचा, माती उकरायचा, जोर मारायचा, शिव्या खायचा. सगळे डाव शिकवून वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असं जुने लोक सांगतात. आजचा वाईट ट्रेनर एक डाव शिकवतो आणि बाकीचे राखून ठेवतो.

तालमीचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र गिळू नये. तिथे मुलींना दार बंद होतं.

आता अमळनेरला या. जगन्नाथ गणेश गुणे नावाचे एक शिक्षक तिथे होते. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या संस्थांत शिकवत. त्याआधी बडोद्याला माणिकरावांच्या व्यायामशाळेत ते भारतीय व्यायामपद्धती शिकले होते. नंतर नर्मदाकाठच्या माधवदासजींकडे योग शिकले. म्हणजे एक सोडून दोन गुरू. आणि मग त्यांनी काय केलं? गुरूंनी शिकवलेल्या क्रिया दवाखान्यात नेल्या, विद्यार्थ्यांना करायला लावल्या आणि क्ष-किरणाखाली पोटात काय होतं ते तपासलं. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतं.

त्यांनी गुरूंचा शब्द मानला आणि तपासलाही. आपण ट्रेनरला ‘हा व्यायाम कशासाठी?’ एवढंही विचारत नाही. विचारलं तर त्याला राग येईल म्हणे. येऊ द्या. कच्चं मडकंच चिडतं.

ऑनलाइन ट्रेनरचं काय? तोही नवा नाही. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी तरुणपणी सँडोच्या पद्धतीने व्यायाम करायचे. युजेन सँडो हा युरोपातला नामांकित बलवान. पुस्तकं आणि साधनं विकायचा, टपालाने व्यायाम शिकवायचा. औंधच्या राजांनी ती साधनं मागवली आणि सुमारे दहा वर्षं मन लावून तो व्यायाम केला. मग मिरजेच्या राजांनी सूर्यनमस्कार सुचवले आणि भवानरावांनी ते असे धरले की संस्थानातल्या शाळांत पोरंसोरं नमस्कार घालू लागली.

सूर्यनमस्काराला लागतं काय? सतरंजीएवढी जागा. मशीन नाही, वर्गणी नाही, आरसा नाही. एकदा नीट शिकवणारा भेटला की पुढे जन्मभर एकट्याने. ‘एकदा नीट’ हे दोन शब्द मात्र गाळू नका. व्यायाम करणाऱ्या कितीतरी कंबरा याच दोन शब्दांवाचून दुखतात.

मग एकट्याने काय करावं? जे शिकवावं लागत नाही ते. चालणं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगते, वर दोन दिवस स्नायूंना ताण. दीडशे भागिले पाच दिवस, रोजचा अर्धा तास. टपरीवर एका चहाला आपण याहून जास्त वेळ उभे असतो.

‘आमचा आजा कुठे व्यायाम करायचा? तरी नव्वद वर्षं जगला.’ हे वाक्य तालुक्याच्या प्रत्येक पारावर ऐकू येतं. आजा औताच्या मागे दिवसभर चालायचा, भाऊ. केळीचे घड खांद्यावरून वाहायचा. आपण त्याची शेवभाजी ठेवली आणि औत सोडलं.

चालायला ट्रेनर नको. रस्ता हवा. पहाटे पाचला आपल्याकडे कोण कुठे चालतं ते पाहा. हायवेच्या कडेने, अंधारात, पाठीमागून येणाऱ्या ट्रकच्या भरवशावर. उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांना भिडतो. सकाळी आठनंतर चालणं म्हणजे उन्हाशी कुस्ती. म्हणजे पहाटच उरते आणि पहाटे दिवा नाही. गावाला फिट करायचं असेल तर पहिली वर्गणी खांबावरच्या दिव्याची भरा.

आणि बायांचं काय?

२०२२ सालचा अंदाज २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. भारतातली जवळजवळ निम्मी मोठी माणसं पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत ४२ टक्के, बायांत ५७. घरकाम करते म्हणजे व्यायाम झाला, असं म्हणणारे यात स्वतःला मोजत नसावेत. दिवसभर ओट्यापाशी उभं राहिल्याने पाय दुखतात. हृदय मजबूत होत नाही.

तिला जिम लावायची तर वेळ कोणती? शिकवणारा कोण? दाराशी उभे कोण? तिच्यासाठी हा प्रश्न ट्रेनर की एकटं असा नसतोच. तिला बाई ट्रेनर हवी, तिची वेळ हवी, परतीच्या वाटेवर उजेड हवा. ज्या गावाला एका मुलीचं नाव आहे, जिने चौदाशे वर्षांच्या योग्याला शिकवलं, त्या गावात शिकवणारी बाई मिळू नये? एदलाबादचं मुक्ताईनगर करताना आपण पाटी बदलली. आता आतलं बदलूया.

ट्रेनर आणि एकटं यांच्या मध्ये आणखी एक वाट आहे. ती आपल्या पायांखालची आहे आणि आपल्याला दिसत नाही.

दर ज्येष्ठात आपल्या कोथळीहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. सगळ्यात लांबून येणाऱ्या मानाच्या पालख्यांपैकी ती एक. तापीकाठ ते भीमाकाठ, महिनाभर पायी. सत्तरीचे बाबा चालतात. नऊवारीतल्या आज्या डोक्यावर तुळस घेऊन चालतात. त्यांना कोणी ट्रेनर लावला?

कोणीच नाही. पण एकटं तरी कोण आहे?

पुढे पताका, मागे रांग. टाळाची लय पावलांना सांभाळते. मुक्काम ठरलेले, जेवण ठरलेलं, झोप ठरलेली. पहिल्या दिवशी कोणी धावत सुटत नाही, दहाव्या दिवशी कोणी गळाठत नाही. एखादा मागे पडला तर दिंडी त्याला नावाने हाक मारते. महागड्या ट्रेनरच्या वहीत याहून वेगळं काय लिहिलेलं असतं? बेताची चाल, ठरलेली वेळ आणि आज आला नाहीस म्हणून विचारणारं माणूस.

फक्त अकरा महिने बसून बाराव्यात चालू नका. पायांचे फोड भक्तीने येत नाहीत. सराव नसल्याने येतात.

मग ठरलं काय?

वजन उचलायचं असेल, चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू करायचं असेल, तर शिकवणारा घ्या. हृदयाचं किंवा सांध्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टर, मग शिकवणारा. नुसतं चालायचं, नमस्कार घालायचे, शरीर हलतं ठेवायचं असेल तर पैसे वाचवा आणि दोन शेजारी गोळा करा. ट्रेनर घेतलाच तर पहिल्या दिवशी त्याला एकच विचारा. ‘मला तुझी गरज किती दिवस?’

तो म्हणाला तीन महिने, मग महिन्यातून एकदा दाखवायला ये, तर फी त्याच्या हातावर ठेवा. तो म्हणाला कायम, तर त्याला तुमची गरज आहे. तुम्हाला त्याची नाही.

तिसरी गोष्ट राहिली. तीही अर्थात मुक्ताईची.

लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. मुक्ताई बाहेर उभी राहिली आणि अभंगांमागून अभंग म्हणत विनवत राहिली. ताटीचे अभंग म्हणतात ते हेच. तिने दार ढकललं नाही. फोडलं नाही. भावाला उचलून बाहेरही आणलं नाही.

उद्या पहाटे साडेपाचला ट्रेनर फोन करील. शेजारी खालून हाक मारील. बायको लाइट लावील. हाक कोणीही मारू शकतं.

ताटी ज्ञानदेवांनी उघडली. आतून.